बलुच गालिचा आधी उलटा करून पाहावा

दुकानात किंवा प्रदर्शनात बलुच गालिचा नेहमी नक्षी वर करून अंथरलेला असतो. विकणारा नक्षीबद्दल बोलत राहतो, घेणारा त्या गडद लाल-निळ्या रंगांत हरवून जातो आणि व्यवहार तिथेच निम्मा होऊन जातो. वास्तविक नक्षी ही उसनी घेता येणारी गोष्ट आहे. एका टोळीची नक्षी शेजारच्या टोळीने उचलली, तिच्याकडून शहरातल्या कारखान्याने उचलली आणि आता ती यंत्रावरही हुबेहूब निघते. गाठ कोणत्या बाजूने मारायची, दोन ओळींमध्ये बाणा, म्हणजे आडवा धागा, किती वेळा फिरवायचा आणि काठ कशाने बांधायचा या मात्र हाताच्या सवयी असतात. त्या आईकडून मुलीकडे जातात आणि सहसा बदलत नाहीत. म्हणून या लेखातला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलट आहे. आधी पाठ पाहायची, मग काठ आणि पदर, मग लोकर, मग रंग, आणि नक्षीकडे सर्वांत शेवटी वळायचे.

हा क्रम मी पैसे घालवून शिकलो आहे. पहिला गालिचा मी एका प्रदर्शनात घेतला, तेव्हा तो ‘भटक्या बलुच टोळीचा, शंभर वर्षांचा’ असल्याचे मला सांगण्यात आले होते. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीतून आलेल्या पाण्याने त्याचा एक कोपरा भिजला आणि खालच्या पांढऱ्या चादरीवर नारिंगी डाग उमटला. तेव्हा कुठे मी तो उलटा केला. ताणा, म्हणजे गालिच्याचे उभे दोरे, पांढऱ्या, एकसारख्या जाडीच्या, गिरणीत कातलेल्या सुताचा होता. ही एक गोष्ट खरेदीच्या वेळी पाहिली असती, तर वयाविषयीचा पुढचा सगळा संवाद टळला असता.

नाव बलुच, विणकाम कुठले?

‘बलुच’ म्हटले की मराठी वाचकाला पानिपत आणि त्यानंतर कैद होऊन तिकडे गेलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवणारा डेरा बुगटीचा समाज आठवतो. ते स्वाभाविक आहे, पण गालिच्यांच्या बाबतीत हा नकाशा दिशाभूल करतो. आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात प्रामुख्याने सपाट, म्हणजे बिनगाठींच्या, विणीची कापडे, पिशव्या आणि पट्टे विणले गेले. बाजारात ‘बलुच’ म्हणून येणारे गाठींचे गालिचे बहुतांशी इराणच्या ईशान्येकडील खुरासान प्रांतातून, त्याला लागून असलेल्या पश्चिम अफगाणिस्तानातून आणि दक्षिणेकडच्या सिस्तानातून येतात. बलुच टोळ्या खुरासानात मोठ्या संख्येने आल्या त्या अठराव्या शतकात, नादिरशहाच्या काळात, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्या मालाच्या मोठ्या बाजारपेठा म्हणजे इराणात मशहद आणि अफगाणिस्तानात हेरात. तुर्बत-ए-हैदरिया, निशापूर, सरख्स, फराह, अद्रस्कन ही नावेही या व्यापारात वारंवार कानावर पडतात.

दुसरा गोंधळ माणसांबद्दलचा आहे. ‘बलुच’ हे व्यापाऱ्यांनी दिलेले सैल नाव आहे आणि त्यात तैमुरी, बहलुली, खुरासानी कुर्द, तसेच तैमनी, जमशीदी आणि फिरोझकोही यांसारख्या ऐमाक गटांचे कामही घातले जाते. सालार खानी, अली अकबर खानी, जान मिर्झाई, मुशवानी, याकूब खानी, दुख्तर-ए-काझी ही नावे तुम्हाला ऐकवली जातील. त्यांतील काही खरोखर टोळ्यांची आहेत, तर काही बाजाराने नक्षीच्या एखाद्या प्रकाराला चिकटवलेली आहेत. विक्रेत्याने असे नाव घेतले की एवढेच विचारावे, ‘हे तुम्ही नक्षीवरून सांगता की विणीवरून?’ उत्तर नक्षीवरून आले, तर त्या नावासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

‘भटक्या’ हे विशेषणही जपून घ्यावे. रझा शहाच्या राजवटीत, विशेषतः 1930च्या दशकात, इराणातल्या भटक्या टोळ्यांना बळाने स्थिर करण्यात आले. त्यामुळे विसाव्या शतकातले पुष्कळसे बलुच गालिचे प्रत्यक्षात खेड्यांतल्या घरांत विणलेले आहेत. त्याने गालिचा कमी प्रतीचा ठरत नाही, फक्त वर्णन चुकीचे ठरते.

सोबत काय न्यावे

एक मोजपट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पांढरा सुती रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली एवढे पुरेसे आहे. शक्यतो दिवसाउजेडी जावे. पिवळ्या दिव्याखाली बलुच गालिच्यातला काळा, गडद निळा आणि जांभळट तपकिरी हे तिन्ही रंग एकच वाटतात आणि या गालिच्यांचे सगळे वैभव तर त्या तीन रंगांतल्या फरकातच असते. विक्रेत्याला गालिचा दाराशी, सावलीतल्या उजेडात आणायला सांगण्यात संकोच करू नये. जो आणू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

पाठ

गालिच्याचा कोपरा उलटताच पहिला निर्णय काही सेकंदांत होतो. पाठीवर कापड चिकटवलेले असेल तर तो बंदुकीसारख्या हत्याराने लोकर टोचून डिंकाने बसवलेला, म्हणजे टफ्टेड गालिचा आहे. गाठींशी त्याचा संबंध नाही. असा माल आपल्याकडे पानिपतच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि त्यावर कुठलीही नक्षी काढता येते. पाठ उघडी आहे, पण प्रत्येक ठिपका दुसऱ्यासारखा तंतोतंत आहे आणि टोकाच्या दशा मागाहून शिवलेल्या दिसतात, तर तो यंत्रावरचा गालिचा आहे. हाताच्या कामात दशा म्हणजे ताण्याचीच टोके असतात. त्या गालिच्याच्या अंगातून बाहेर येतात.

आता गाठी मोजाव्यात. पाठीवर मोजपट्टी आडवी ठेवून एका इंचातले ठिपके मोजायचे, मग पट्टी उभी करून पुन्हा मोजायचे आणि दोन्ही आकडे गुणायचे. इथे एक खोच आहे. प्रत्येक गाठ ताण्याच्या दोन दोऱ्यांवर बसलेली असते आणि बलुच गालिच्यात हे दोन दोरे बहुधा एकाच पातळीत असतात, त्यामुळे एकेका गाठीचे पाठीवर शेजारी शेजारी दोन ठिपके दिसतात. आडवे 16 ठिपके दिसले तर गाठी 8. हे ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे गडद भागात एकटीच बसलेली पांढरी गाठ शोधणे, कारण तिचे किती ठिपके आहेत ते स्वच्छ दिसते. आडव्या 8 आणि उभ्या 10 गाठी असतील तर चौरस इंचाला 80 गाठी होतात आणि बलुच गालिच्यासाठी हा अगदी सर्वसाधारण आकडा आहे. साधारण 60 ते 120 या पट्ट्यात बहुतेक माल येतो. फार नाजूक कामात तो याहून वर जातो. कोणी ठिपके मोजून 160 सांगत असेल तर तो एक तर चुकतो आहे किंवा तुम्ही मोजणार नाही असे धरून चालला आहे.

गाठींचा आकडा हा दर्जाचा एकमेव निकष मानू नये. कश्मीर किंवा कुम येथल्या रेशमी गालिच्यांना लावण्याची ती फूटपट्टी आहे. 90 बाय 140 सेंटिमीटरच्या नमाजी गालिच्यात चौरस इंचाला 80 धरल्या तरी सुमारे दीड लाख गाठी एका बाईने हाताने मारलेल्या असतात. बलुच विणीत लोकर आणि रंग अस्सल असतील, तर 70 गाठींचा गालिचा 120 गाठींच्या फिक्या गालिच्याहून कितीतरी सरस असतो.

गाठीचा प्रकार पाहण्यासाठी गालिचा गाठींच्या ओळीला समांतर असा हलकेच दुमडावा, लव, म्हणजे गाठींची वरची मोकळी टोके, बाहेरच्या बाजूला यावी, आणि भिंगातून लवेच्या मुळाशी पाहावे. फारसी गाठीत धागा ताण्याच्या एका दोऱ्याला पूर्ण वेढा घालतो आणि शेजारच्याच्या नुसता मागून निघतो. तुर्की गाठीत तो दोन्ही दोऱ्यांवर आडवा पट्टा टाकतो आणि दोघांच्या मधून वर येतो. बलुच कामात फारसी गाठ, तीही बहुधा डावीकडे उघडणारी, सर्रास आढळते. तुर्की गाठ सापडली म्हणून गालिचा खोटा ठरत नाही; तैमुरी आणि कुर्द गटांच्या कामात ती दिसते. तरी ‘अस्सल बलुच’ म्हणून सांगितलेल्या गालिच्यात ती निघाली, तर नावाबद्दल पुन्हा एकदा विचारावे.

त्याच दुमडीत ताणा आणि बाणा दिसतात. जुन्या टोळीकामात ताणा हस्तिदंती रंगाच्या लोकरीचा असतो, क्वचित त्यात बकरीचे गडद केस मिसळलेले असतात, आणि बाणा तपकिरी किंवा काळपट लोकरीचा असून गाठींच्या दोन ओळींमध्ये बहुधा दोनदा फिरवलेला असतो. हाताने कातलेल्या लोकरीचा दोरा कुठे जाड, कुठे बारीक असतो. सुती ताणा हा विसाव्या शतकातला, विशेषतः त्याच्या मध्यानंतरच्या इराणी मालातला, बदल आहे. सुती ताण्याचा गालिचा वाईट असतो असे मुळीच नाही. तो सरळ बसतो आणि जमिनीवर टिकतोही चांगला. फक्त त्याला शंभर वर्षांचा म्हणू नये.

काठ आणि पदर

साडीप्रमाणे गालिच्यालाही काठ आणि पदर असतात आणि बलुच गालिच्यात ते फार बोलके असतात. दोन्ही लांब बाजूंचे काठ बकरीच्या काळपट केसांनी, ताण्याच्या दोन ते चार-पाच दोऱ्यांच्या जुडग्यांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे गुंडाळलेले असतात. हात लावताच ते राठ, जरासे टोचणारे लागतात आणि आतल्या मऊ लोकरीशी त्यांचा विरोध लगेच जाणवतो. बकरीच्या केसांना दोन कारणे आहेत. ते घासणीला दाद देत नाहीत आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, त्यांना लोकरीइतक्या सहज हात लावत नाही. काठ जर एकसारख्या रंगाच्या नव्या लोकरीने शिवलेला दिसला, तर तो दुरुस्त केलेला आहे. असे काम नीट केले असेल तर आक्षेप नाही, पण किंमत मूळ काठाची देऊ नये.

दोन्ही टोकांचे पदर म्हणजे गाठी नसलेली सपाट विणीची पट्टी. जुन्या बलुच कामात ही पट्टी कधी कधी वीतभर लांब असते आणि तिच्यात बारीक पट्टे, आडव्या धाग्यांची नक्षी, मध्येच पांढऱ्या धाग्यांचे ठिपके असे अत्यंत नाजूक काम असते. मला विचाराल तर बलुच विणकर्तीचा खरा हात पदरातच दिसतो, कारण तिथे तिला ठरलेल्या नक्षीचा धाक नसतो. दुर्दैवाने वापरात आधी झिजतो तोही पदरच. झिजलेले पदर कापून, गाठी सुरू होतात तिथपर्यंत गालिचा ‘नीटनेटका’ करण्याची व्यापाऱ्यांना फार हौस असते. दोन्ही पदर शाबूत असतील तर त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत. ते कापलेले असतील आणि गाठींच्या ओळीही सुटू लागल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च आधीच वजा करावा.

गालिचा अगदी चौकोनी नसेल, एक टोक दुसऱ्याहून चार बोटे रुंद असेल, तर घाबरू नये. हे गालिचे जमिनीला समांतर, चार खुंट्यांवर ताणलेल्या आडव्या मागावर विणले जात. मुक्काम हलवताना खुंट्या उपटून, अर्धे विणलेले काम गुंडाळून जनावरावर घालायचे आणि नव्या जागी पुन्हा ताणायचे. प्रत्येक वेळी ताण सारखा बसत नाही. याच मागामुळे बलुच गालिचे बहुधा लहान, किंवा मोठे असले तर अरुंद आणि लांब असतात. गालिचा सपाट अंथरल्यावर मध्येच फुगवटे येऊन पायाला अडकत असतील, तर मात्र तो दोष आहे आणि धुऊन तो जात नाही.

लोकर

डोळे मिटून लवेवरून दोन्ही दिशांनी हात फिरवावा. एका दिशेने ती मांजराच्या पाठीसारखी गुळगुळीत लागते, उलट दिशेने अडते. लव झुकते ती विणकाम जिथून सुरू झाले त्या टोकाकडे. खुरासानी लोकरीत चांगली चरबी असते आणि जुन्या गालिच्याला त्यामुळे एक ओलसर वाटावी अशी झळाळी येते. ज्यांनी धनगराकडची नवी घोंगडी हाताळली आहे त्यांना तो स्निग्ध स्पर्श सांगावा लागणार नाही, फक्त इथे तो राठपणाशिवाय येतो. लोकर कोरडी, ठिसूळ लागत असेल आणि बोटांना बारीक भुसा लागत असेल, तर गालिचा एक तर मेलेल्या जनावराच्या लोकरीचा आहे किंवा तीव्र रसायनांत धुऊन ‘जुना’ केलेला आहे. अतिशय चकचकीत, जवळजवळ रेशमी चमकही संशयास्पद समजावी, कारण रासायनिक धुण्याने ती आणता येते.

रंग

बलुच गालिच्याचा रंगमेळ थोडक्यात असा: मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा गडद लाल, निळीचा जवळजवळ काळा वाटणारा निळा, तपकिरी-काळा, क्वचित उंटाच्या रंगाची जमीन आणि फार काटकसरीने टाकलेला पांढरा. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल किंवा खुरासानातली इस्परकची फुले, तपकिरीसाठी अक्रोडाची हिरवी साल आणि रंग पक्का बसावा म्हणून तुरटी असा हा जुना संच आहे. उंटाच्या रंगाची जमीन दिसली की विक्रेता ‘खरी उंटाची लोकर’ म्हणतो. ती बऱ्याचदा मेंढीचीच, नैसर्गिक तपकिरी किंवा रंगवलेली लोकर असते.

पहिली चाचणी रुमालाची. रुमालाचा कोपरा ओला करून प्रत्येक रंगावर, विशेषतः लाल आणि नारिंगीवर, अर्धा मिनिट दाबून चोळावा. रंग उमटला तर तो कच्चा आहे किंवा झिजलेला भाग शाईने रंगवून झाकलेला आहे. दुसरी शक्यता तपासण्यासाठी तोच भाग पाठीकडून पाहावा. लव झिजून ताण्याचे दोरे उघडे पडले असतील, तर ते हस्तिदंती दिसले पाहिजेत. लालसर दिसले तर कोणीतरी कुंचला फिरवला आहे. रुमाल स्वच्छ निघाला म्हणजे रंग वनस्पतिजन्य आहेत, असा निष्कर्ष मात्र काढू नये. विसाव्या शतकातले क्रोमचे कृत्रिम रंग अत्यंत पक्के असतात, ते ना फुटतात ना उडतात.

दुसरी चाचणी लवेच्या मुळाची. लव बोटांनी फाकवून टोकाचा आणि मुळाचा रंग ताडून पाहावा. 1856 मध्ये विल्यम पर्किनने जांभळा कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही दशकांत असे रंग टोळ्यांपर्यंत पोचले. त्या सुरुवातीच्या रंगांची खूण म्हणजे टोकाला मळकट करडे आणि मुळाशी भडक जांभळे, गुलाबी किंवा नारिंगी दिसणे. वनस्पतिजन्य रंग उन्हाने उतरला तरी त्याच जातीचा राहतो. लाल विटकरी होतो, करडा होत नाही.

आणखी तीन गोष्टी डोळ्यांनीच पाहायच्या आहेत. एकाच रंगात मध्येच आडव्या पट्ट्याने छटा बदलली असेल, तर त्याला व्यापारात अबरश म्हणतात. रंगवलेल्या लोकरीची एक खेप संपली आणि पुढची थोडी वेगळी रंगली, एवढाच त्याचा अर्थ. हा दोष नव्हे, उलट हाताने थोडी थोडी लोकर रंगवल्याची खूण आहे. पांढऱ्या गाठी गुलाबी दिसत असतील तर पूर्वी कधीतरी लाल रंग फुटलेला आहे आणि तो सहसा निघत नाही. तिसरी गोष्ट काळ्या-तपकिरी रंगाची. तो रंग गडद करण्यासाठी लोहयुक्त क्षार, म्हणजे आपल्या हिराकसाच्या जातीचा पदार्थ, वापरला जाई आणि तो लोकर हळूहळू खातो. त्यामुळे जुन्या गालिच्यात काळ्या रेषा खोल गेलेल्या आणि बाकीची नक्षी उठावदार दिसते. हा वयाचा चांगला पुरावा आहे, म्हणूनच तो कात्रीने बनवलाही जातो. भिंगातून पाहावे. झिजलेल्या लोकरीची टोके असमान आणि विरलेली असतात, कापलेल्या लोकरीची सरळ आणि एका उंचीची.

नक्षी, आता

एवढे सगळे पटल्यावर नक्षीकडे वळायला हरकत नाही. फुलांच्या जाळीची मीना खानी, तुर्कमानांकडून आलेली अष्टकोनी गुले (ओळीने येणाऱ्या आकृत्या), कोंबड्यांसारखे पक्षी असलेली मुर्गी आणि आकडेदार रेषांनी वेढलेल्या चौकटींची मुशवानी या नेहमी दिसणाऱ्या जाती आहेत. नमाजी गालिच्यांत वर कमानीऐवजी सरळ चौकोनी मेहराब, आत पानांचे झाड आणि मेहराबीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवण्याच्या चौकटी असतात. गडद लाल जमिनीवर गुलांच्या ओळी पाहून कोणी ‘बुखारा’ म्हणाले, तर ते व्यापारी नाव आहे हे लक्षात ठेवावे. तुर्कमान गालिचा सहसा अधिक घट्ट आणि नाजूक विणीचा असतो; बलुच गालिचा अधिक गडद, हाताला सैलसर आणि बकरीच्या केसांच्या काठाचा असतो.

लहान चौकोनी तुकडे दिसले तर ते मुळात गालिचे होते का, हे विचारावे. बलिश्त म्हणजे उशीची पिशवी, खुर्जीन म्हणजे जनावराच्या पाठीवर टाकायची जोडपिशवी आणि नमकदान म्हणजे अरुंद मानेची मिठाची पिशवी. मान अरुंद अशासाठी की मेंढ्यांना तोंड घालून मीठ चाटता येऊ नये. या पिशव्यांची पुढची बाजू गाठींची आणि मागची सपाट विणीची असते. मागची बाजू कापून पुढची ‘छोटा गालिचा’ म्हणून विकली जाते. मागची बाजू शाबूत असलेली बलिश्त मिळाली तर सुरुवात तिच्यापासून करावी, असे माझे मत आहे. ती आकाराने छोटी आणि गालिच्यापेक्षा सहसा स्वस्त असते, आणि एकाच वस्तूत गाठींची वीण, सपाट वीण, काठ आणि रंग सगळे शिकायला मिळते.

रणगाडे, हेलिकॉप्टर आणि कलाश्निकोव्ह विणलेले गालिचे ही याच परंपरेची पुढची शाखा आहे. डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर पश्चिमेकडच्या बलुच आणि शेजारच्या विणकरांनी, तसेच पुढे निर्वासितांनी ते विणले. सुरुवातीच्या कामात शस्त्रे जुन्या फुलांच्या जागी, जवळजवळ ओळखू न येतील अशी बसवलेली असतात. नंतरचा पुष्कळ माल परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून घाईने विणला गेला. त्यांनाही वरचीच तपासणी लागू आहे.

वय, किंमत आणि कायदा

आज हाती येणारे बहुतेक बलुच काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे आहे आणि त्यावर तारीख जवळजवळ कधीच नसते. ताणा, रंग, काळ्या रंगाची झीज आणि पदर या चौघांची साक्ष जुळली, तरच दशकाचा नव्हे पण पिढीचा अंदाज करावा. किंमत ठरवताना मी मनात असा उतरता क्रम ठेवतो: रंग, लोकर, मूळ काठ-पदर, लवेची शिल्लक उंची आणि सरतेशेवटी वय. पाठीवर हात फिरवून रफू शोधावा, तो आजूबाजूपेक्षा कडक लागतो. उजेडासमोर धरून विरलेल्या जागा पाहाव्यात. सुती ताण्याचा गालिचा हलकेच दुमडताना कटकट आवाज आला, तर ओलीने सूत कुजले आहे. तो घेऊ नये.

‘शंभर वर्षे’ हे शब्द भारतात कायद्याच्या दृष्टीनेही जड आहेत. 1972च्या पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे गालिचा पाठवायचा असेल, तर तो पुरावस्तू नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इराणी गालिच्यांच्या आयातीवरची तिथली बंदी 2016च्या जानेवारीत उठली आणि 2018च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लागू झाली. त्यामुळे एकाच टोळीचा गालिचा सीमेच्या कुठल्या बाजूला विणला गेला, हे पावतीवर लिहून घेणे तिथे महत्त्वाचे ठरते.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी तो कपाटात किंवा दुसऱ्या गालिच्याशेजारी ठेवू नये. दोन्ही बाजूंनी स्वच्छ करून, पाठ वर करून आठवडाभर उजेडाच्या खोलीत ठेवावा आणि रोज खाली वाळूसारखे कण पडतात का ते पाहावे, कारण ती कसरीची खूण असते. व्हॅक्यूम क्लीनर वापरताना फिरता ब्रश काढून टाकावा, नळी लवेच्या दिशेने चालवावी आणि दशांपासून लांब ठेवावी. गालिचा दोरीवर टाकून काठीने झोडपण्याची आपली जुनी सवय नव्या सतरंजीला चालेल, शंभर ठिकाणी विरलेल्या ताण्याला नाही. खाली जाळीदार रबरी किंवा नमद्याचा थर घालावा आणि दर सहा महिन्यांनी गालिचा अर्धा वळसा फिरवावा.

चहा सांडला तर घासू नये. कोरड्या पांढऱ्या कापडाने टिपावा, मग थंड पाण्यात ओले करून पिळलेल्या कापडाने बाहेरून आत टिपत यावे. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि लोकर अल्कलीने खराब होते, म्हणून ती वापरू नये. पूर्ण धुणे जाणकाराकडेच द्यावे, आणि देण्यापूर्वी प्रत्येक रंगाची रुमाल-चाचणी त्याच्यासमोर करावी. पदर उसवत असेल तर धुण्याआधी सुती दोऱ्याने शेवटच्या ओळीवर घोंगडी-टाका घालून घ्यावा. एका संध्याकाळचे हे काम पुढच्या कित्येक ओळी वाचवते.

कोकण, मुंबई आणि पुण्यातही पावसाळ्यात दोन शत्रू असतात, बुरशी आणि कसर. कसरीचे पतंग लोकर खात नाहीत, त्यांच्या अळ्या खातात आणि त्यांना अंधार व निवांतपणा हवा असतो. म्हणून नुकसान जवळजवळ नेहमी सोफ्याखालच्या भागात, तेही पाठीकडून सुरू होते. महिन्यातून एकदा सोफा सरकवणे हा डांबराच्या गोळ्यांपेक्षा खात्रीचा उपाय आहे. कडुनिंबाच्या पाल्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. एका बलिश्तीत पाला आणि अळ्या दोन्ही सुखाने नांदताना मी पाहिल्या आहेत. पाऊस ओसरल्यावर, आश्विनातल्या कोरड्या हवेत, गालिचा सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर पाठ वर करून ठेवावा आणि दुपारच्या आत उचलावा.

दीर्घकाळ ठेवायचा असेल तर घडी घालू नये. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, लव बाहेर ठेवून आणि तिच्या झुकण्याच्या दिशेने गुंडाळावा आणि धुतलेल्या सुती चादरीत लपेटावा. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडली जाते. कसर लागल्याचा संशय असेल तर बलिश्त किंवा लहान गालिचा जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. गालिचा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पूर्ण एक दिवस ती तशीच बंद ठेवावी, नाही तर खोलीतल्या हवेचे दव थंड लवेवर उतरते आणि कसर मेली तरी बुरशी धरते.